मधमाश्यांचा थवा सुटण्यापूर्वी
एका पेटीच्या दोन पेट्या कशा कराव्या, ह्याविषयी पाठ

पाठाचा उद्देश : सातेरी मधमाश्यांची वसाहत का फुटते हे समजून घेणे; आणि थवा रानात निघून जाण्याआधीच योग्य वेळी, योग्य रीतीने वसाहत विभागण्यास शिकणे.

पावसाळा सरून भाताची कापणी आटोपत आली म्हणजे मालवण, वेंगुर्ले, देवगड ह्या तालुक्यांत ज्यांच्या परसात मधपेटी आहे त्यांच्यापैकी कित्येकांस एक अनुभव येतो. एके दिवशी, ऊन चांगले तापल्यावर, पेटीच्या दारातून हजारो माश्या भराभर बाहेर पडतात. अंगणावर त्या ढगाप्रमाणे घिरट्या घालतात, जवळच्या फणसाच्या अथवा आंब्याच्या फांदीस घडासारख्या लोंबत राहतात, आणि मालक टोपली व फडके शोधीत आहे तोच एकदम उठून रानाकडे निघून जातात. पेटी उघडून पाहावी तर निम्म्या माश्या गेलेल्या, जुनी राणी गेलेली, आणि काजू मोहरण्याच्या ऐन तोंडावर कामास हात उरलेले नाहीत.

कोणी म्हणतो, दृष्ट लागली. कोणी म्हणतो, माशी आपल्या घरास लाभत नाही. प्रिय वाचकहो, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हेत. थवा सुटणे ही मधमाशीची वंश वाढविण्याची स्वाभाविक रीत आहे. जी वसाहत निरोगी, भरभराटीची व सशक्त असते तीच फुटते. म्हणून थवा सुटला तर तो माशीचा दोष नव्हे. आपण पेटी वेळेवर पाहिली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ह्या पाठात सांगावयाची मुख्य गोष्ट ही की, जी विभागणी माशी स्वतः करणारच आहे ती आपण तिच्या थोडी आधी, तिच्याच नियमांस धरून केली तर एका पेटीच्या दोन होतात आणि काहीच हातचे जात नाही.

१. कोणती माशी पाळावी

आपल्या कोकणात चार प्रकारच्या माश्या सर्वांस ठाऊक आहेत. आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी माशी झुडपात लहानसे एकच पोळे करते. तीही पेटीत राहत नाही. पोया माशी अगदी लहान असून तिला नांगी नाही. चौथी सातेरी माशी. ही झाडाच्या ढोलीत, वारुळात, चिऱ्यांच्या गडग्याच्या पोकळीत, अंधारात, एकापुढे एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. अंधाऱ्या पोकळीत राहण्याची सवय असल्यामुळेच ती लाकडी पेटीत नांदते. हा पाठ सातेरीविषयी आहे.

सातेरीच्या एका वसाहतीत एक राणी, काही हजार कामकरी माश्या, आणि हंगामात काही शे नर असतात. अंडी घालणे हे राणीचे काम. घर झाडणे, पिलांस भरविणे, मेण करणे, दार राखणे, मध व पराग आणणे ही सारी कामे कामकरी माश्यांची. नर केवळ नव्या राणीशी संयोग होण्यासाठी जन्मतात.

२. थवा का सुटतो

पावसानंतर रानफुले उमलतात, पराग मुबलक येतो, राणी जोराने अंडी घालते व थोड्याच आठवड्यांत पिलावा कोठीतील चौकटी भरून जातात. पिलांस भरविणाऱ्या तरुण माश्या फार होतात, जागा अपुरी पडते, आणि राणीच्या अंगचा जो वास सर्व माश्यांपर्यंत पोहोचून वसाहत एकत्र ठेवतो तो गर्दीत पुरेसा पसरत नाही. मग कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेस शेंगेसारखी लोंबणारी मोठी घरे बांधू लागतात. ही राणीघरे होत. त्यांतील अळ्यांस पहिल्यापासून शेवटपर्यंत राजान्न भरविले जाते, म्हणून त्या कामकरी न होता राण्या होतात.

राणीघर अंड्यापासून सुमारे आठव्या दिवशी मेणाने बंद होते. पहिली घरे बंद झाली की, हवा स्वच्छ असल्यास, जुनी राणी सुमारे निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. मागे उरलेल्या पेटीत त्यानंतर सात-आठ दिवसांनी पहिली नवी राणी जन्मते. त्या वेळीही माश्या पुष्कळ असतील तर तीसुद्धा थवा घेऊन निघते. मग दुसरी, मग तिसरी. असे दोन-तीन थवे लागोपाठ सुटले म्हणजे मूळ पेटीत मूठभर माश्या राहतात, त्यांना पोळ्यांची राखण होत नाही, आणि मेणकिडा शिरून सर्व नासतो. पहिल्या थव्याने अर्धे जाते. पुढच्या थव्यांनी पेटीच बुडते. हे ध्यानात ठेवावे.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. कधी कधी सर्वच्या सर्व माश्या राणीसह पेटी सोडून जातात व मागे रिकामी पोळी राहतात. हा थवा नव्हे. हे घर सोडणे होय. मुंग्यांचा त्रास, मेणकिडा, ऊन, उपासमार, वारंवार पेटी उघडणे, सर्व मध काढून घेणे, ही त्याची कारणे. सातेरी ह्या बाबतीत विलायती माशीपेक्षा फार हळवी आहे. थवा समृद्धीमुळे सुटतो. घर सोडणे हालामुळे घडते. विभागणी हा पहिल्याचा उपाय आहे, दुसऱ्याचा नाही. पीडलेली वसाहत विभागली तर एका पीडेच्या दोन होतात.

३. हे ज्ञान कसे मिळाले

पूर्वी सर्व देशांत मध घेणे म्हणजे पोळे पिळणे आणि माशी हाकलणे असेच होते. १७७१ साली व्हिएन्ना येथे आन्तोन यान्शा नावाच्या स्लोव्हेनियन मधपालाने थवे सुटण्याच्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर जिनिव्हा येथील फ्रान्स्वा ह्यूबर ह्यांनी, स्वतः आंधळे असूनही, आपला सेवक ब्यूर्नां ह्याच्या डोळ्यांनी पाहून वर्षानुवर्षे प्रयोग केले व १७९२ साली ते प्रसिद्ध केले. राणीचा संयोग पेटीत होत नाही, बाहेर उडताना होतो, ही गोष्ट त्यांनी खात्रीने दाखविली. विभागणी करणाऱ्यास ह्या एका गोष्टीचा किती उपयोग आहे हे पुढे दिसेल.

१८५१ साली अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ ह्या पाळकांच्या लक्षात आले की, दोन भागांमध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच वाट ठेवली तर माशी ती वाट मेणाने बुजवीत नाही, तेथे पोळेही बांधीत नाही, ती ये-जा करण्यास मोकळी ठेवते. ह्या लहानशा शोधाने चौकटी मोडतोड न करता उचलता येऊ लागल्या. १८५२ साली त्यांनी आपल्या पेटीचा हक्क नोंदविला. चौकट उचलता आली नसती तर विभागणी हा शब्दच व्यर्थ होता. आपल्या देशात त्रिचनापल्लीचे जेझुइट धर्मगुरू न्यूटन ह्यांनी १९११ च्या सुमारास हीच युक्ती सातेरी माशीच्या लहान शरीरास योग्य अशा लहान पेटीत उतरविली; तीच न्यूटन पेटी. पुढे १९२० च्या दशकात त्रावणकोरातील मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए. च्या ग्रामकेंद्रात स्पेन्सर हॅच ह्यांनी गरीब शेतकऱ्यांस मधपेट्यांचे काम शिकविले. त्या भागाचे नाव आजही मधासाठी प्रसिद्ध आहे.

आपल्या राज्यात महाबळेश्वर हे ह्या कामाचे मुख्य स्थान. तेथे खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय असून ते प्रशिक्षण देते. पुणे येथे १९६२ साली मधमाशीविषयी संशोधन व प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर आपल्या सीमेलगतच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावलाही तो मान मिळाला. हे लोक आपल्यासारखेच लहान शेतकरी आहेत, आणि त्यांची माशी आपलीच सातेरी आहे.

४. थवा सुटण्याची चिन्हे

हंगामात दर सातव्या दिवशी पेटी उघडून पाहावी. सातच दिवस का? कारण अंड्यापासून राणीघर बंद होण्यास आठ दिवस लागतात. सात दिवसांनी पाहणाऱ्याच्या नजरेतून राणीघर सहसा निसटत नाही. पंधरा दिवसांनी पाहणारा रिकामी पेटी पाहतो. पाहणे म्हणजे दहा मिनिटांचे काम; त्याहून अधिक वेळ पेटी उघडी ठेवू नये.

पुढील चिन्हे क्रमाने दिसतात.

पहिले : पिलावा कोठीतील सर्व चौकटींवर माश्या दाटतात, आणि संध्याकाळी दारापाशी घोस लोंबतो.

दुसरे : नरांची घरे दिसू लागतात. सातेरीच्या नरघराचे झाकण उंचट असून त्याच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढे भोक असते. त्यामुळे ते ओळखण्यास सोपे जाते.

तिसरे : पोळ्यांच्या खालच्या कडेस राणीघरांचे पेले दिसतात. पेले नुसते रिकामे असतील तर घाई नाही. त्यांत अंडे अथवा अळी दिसली म्हणजे तयारी सुरू झाली असे समजावे.

चौथे : राणीघर बंद झाले. आता दिवस नाहीत, तास उरले आहेत.

कित्येक जण राणीघरे खुडून टाकतात व निर्धास्त बसतात. पण गर्दी तशीच असल्यामुळे माश्या पुन्हा बांधतात, आणि एखादे घर कोपऱ्यात राहून गेले तर थवा सुटतोच. घरे खुडल्याने वेळ मिळतो, उपाय होत नाही.

५. विभागणी केव्हा करावी : दिवसांचा हिशेब

मधपालाने पाटीवर मांडावा असा हा हिशेब आहे. ज्या अर्ध्या भागात राणी नाही तो भाग लहान अळीपासून नवी राणी करतो. ती बाहेर येण्यास सुमारे बारा दिवस लागतात. मग तिचे अंग पक्के होऊन ती संयोगासाठी उडते व परत येऊन अंडी घालू लागते. त्यास आणखी दहा ते सोळा दिवस. म्हणजे विभागणीपासून पहिल्या अंड्यापर्यंत सुमारे अठ्ठावीस दिवस. त्या अंड्याची कामकरी माशी होण्यास वीस दिवस. तिने पहिले दोन-अडीच आठवडे घरातले काम करून मग फुलांवर जावयाचे.

समजा, २५ ऑक्टोबरला पेटी विभागली. तर २२ नोव्हेंबरच्या सुमारास नवी राणी अंडी घालील. १२ डिसेंबरला तिची पहिली लेकरे बाहेर येतील. आणि नाताळाच्या आठवड्यात ती काजूच्या व आंब्याच्या मोहरावर जाऊ लागतील. ऐन हंगामास दोन्ही पेट्या तयार. आता समजा, तीच विभागणी १५ जानेवारीला केली. तर नव्या राणीच्या माश्या मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुलांवर जातील. तोवर काजूचा बहुतेक मोहर सरला, आणि पाऊस अवघा अडीच महिन्यांवर आला. अशी पेटी मध तर देत नाहीच, उलट पावसात तिला पोसावे लागते. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्या चार महिन्यांत अशक्त वसाहत सहसा जगत नाही.

ह्यावरून दोन नियम निघतात. पाऊस उघडून वसाहत भरली की विभागणी लवकर करावी. आणि पावसाळ्यात कधीही करू नये, कारण त्या दिवसांत राणीला संयोगासाठी उडता येत नाही. तारखेपेक्षा पेटीचे ऐकावे. नर दिसत नसतील तर विभागणी व्यर्थ. नर नाहीत तर नव्या राणीचा संयोग कोणाशी व्हावा?

६. कोणती वसाहत विभागू नये

सात-आठ चौकटींपैकी निदान सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या व पाचांत पिलावा असल्यावाचून विभागू नये. एका पेटीच्या दोन पेट्या करण्याचा लोभ सर्वांसच सुटतो. पण एक भरलेली पेटी मध देते. दोन अर्धपोटी पेट्या मालकाकडून साखर मागतात.

रोगट वसाहत तर मुळीच विभागू नये. १९९१-९२ साली थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुरोग केरळ, कर्नाटक व तामिळनाडू ह्या प्रांतांत पसरला व तेथील सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्या. ज्यांच्या घरी पन्नास पेट्या होत्या त्यांच्याकडे रिकाम्या पेट्यांची रास उरली. ह्या रोगात मोठी झालेली अळी घरातच मरते, तिची कातडी पाण्याच्या पिशवीसारखी होते, आणि चिमट्याने उचलली तर ती पिशवी अखंड निघते. ह्यावर औषध नाही. ज्या वसाहती त्या साथीतून वाचल्या त्यांच्याच वाढीतून पुढे माशी पुन्हा उभी राहिली. म्हणून आपणही वाढ करताना जी वसाहत निरोगी, शांत, कामसू व घर न सोडणारी आहे तिचीच करावी. कोणत्या पेटीची पिले वाढवावयाची हे ठरविणे मालकाच्या हाती आहे. उद्याची माशी त्यावरून ठरते.

७. विभागणीची पहिली रीत : राणीघरे नसताना

लागणाऱ्या वस्तू : तळपाट, चौकटी व झाकण ह्यांसह एक रिकामी पेटी, तोंडावर जाळी, नारळाच्या सोडणाचा मंद धूर, आणि एक मदतनीस. लहान मुलांस दूर ठेवावे. दंशानंतर ज्यास श्वास कोंडतो अथवा अंगभर गांधी उठतात त्याने हे काम करू नये, आणि तसे कोणास झाल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

(१) निरभ्र दिवशी, दुपार कलल्यावर, जुनी पेटी तिच्या जागेवरून एक पेटीभर डावीकडे सरकवावी व नवी पेटी तितकीच उजवीकडे ठेवावी. जुन्या दाराची जागा आता दोहोंच्या मधोमध रिकामी राहील.

(२) चौकटी एकेक उचलून राणी शोधावी. ती लांब पोटाची व गडद रंगाची असते, आणि चौकट उजेडात आणताच काळोख्या बाजूस पळते. सापडली की ती चौकट जुन्या पेटीतच ठेवावी.

(३) पिलाव्याच्या निम्म्या चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत द्याव्या. त्यांपैकी निदान एकीत अंडी व अगदी लहान अळ्या असल्याच पाहिजेत. ही गोष्ट चुकली तर सर्व चुकले; तीन दिवसांहून मोठ्या अळीची राणी होत नाही. मध व पराग असलेली एक चौकटही द्यावी.

(४) पिलाव्याच्या चौकटी मधोमध, एकमेकींस लागून, आणि मधाच्या बाजूस ठेवाव्या. मोकळ्या जागी मेणपत्रा लावलेल्या चौकटी द्याव्या.

(५) बाहेरून येणाऱ्या माश्या जुनी जागा शोधीत येतील व दोन्ही दारांत वाटल्या जातील. एका पेटीत फार जाऊ लागल्या तर ती पेटी आणखी थोडी दूर सरकवावी.

८. दुसरी रीत : राणीघरे तयार असताना

माशीने तयारी केलीच असेल तर तिच्याच रीतीने चालावे. थव्याबरोबर जुनी राणी जाते. म्हणून आपणही जुन्या राणीलाच हलवावे. राणी असलेली चौकट, बाहेर पडण्याच्या बेतातील पिलाव्याच्या दोन चौकटी व मधाची एक चौकट नव्या पेटीत घालून ती बागेच्या दुसऱ्या टोकास ठेवावी. त्या चौकटींवर एकही राणीघर राहू देऊ नये. फुलांवर जाणाऱ्या वयस्क माश्या उडून जुन्या जागी परत जातील. नव्या पेटीत राणी व तरुण माश्या उरतील, आणि गर्दी मोडल्यामुळे थवा काढण्याची त्यांची इच्छाही मोडेल. तिला आठवडाभर निम्मे पाणी व निम्मी साखर असा पाक संध्याकाळी द्यावा.

जुन्या जागेवरील पेटीत राणीघरे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे व सरळ असे एकच ठेवून बाकी काढून टाकावीत. येथे पुष्कळ जण हात आखडतात. त्यांना वाटते, चार राण्या जन्मल्या तर चांगलेच. पण त्या जागी माश्या अद्याप पुष्कळ आहेत. चार राण्या म्हणजे आणखी थवे. दहाव्या दिवसापूर्वी पुन्हा एकदा पाहून नवी राणीघरे झाली असल्यास तीही काढावीत. ह्या रीतीत राणीघर आधीच तयार असल्यामुळे पहिल्या रीतीपेक्षा आठ-दहा दिवस वाचतात.

९. लहान बागेची अडचण

ज्याची बाग मोठी आहे तो पेटी दोन किलोमीटर दूर नेऊन ठेवतो व निश्चिंत होतो. आपल्यापैकी बहुतेकांची जागा घराभोवतालच्या चार गुंठ्यांची. तेथे पुढील गोष्टी पाळाव्या.

पेट्यांची दारे एकाच दिशेस नसावीत. नवी राणी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर उडून परत येते. दोन पेट्या शेजारी, सारख्या रंगाच्या व सारख्या तोंडाच्या असतील तर ती चुकून दुसरीत शिरते आणि तेथील माश्या तिला ठार करतात. म्हणून माश्या जागेस रुळल्यावर दररोज थोडथोडे वळवून दारांची तोंडे वेगळी करावी. एका दारावर पांढरा चुना, दुसऱ्यावर निळा रंग लावावा, किंवा समोर तुळशीची कुंडी ठेवावी. हे सर्व राणी जन्मण्यापूर्वी, दहा दिवसांच्या आत आटोपावे. त्यानंतर खूण बदलू नये.

पेटी माडाखाली ठेवू नये. एक झावळ अथवा एक नारळ पडला की सर्व श्रम मातीस मिळतात. खाऱ्या वाऱ्याच्या आड, गडग्याच्या अथवा कुंपणाच्या आसऱ्यास, सकाळचे ऊन मिळेल व दुपारी सावली येईल अशी जागा निवडावी. दारासमोर पाच-सहा हातांवर कुंपण असले म्हणजे माशी वर चढून उडते व शेजाऱ्याच्या वाटेत येत नाही. शेजाऱ्यास आधी सांगावे, आणि मध निघेल तेव्हा त्याची वाटी विसरू नये.

पेटीच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या करवंट्या ठेवाव्या. आंब्याची पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या एका रात्रीत वसाहत हुसकावून लावतात. काजूवर औषध फवारावयाचे असेल तर ते संध्याकाळी, माशी घरी आल्यावर, आणि शक्य तो मोहर फुललेला नसताना फवारावे.

१०. पुढील अठ्ठावीस दिवस

तिसऱ्या दिवशी : राणी नसलेली पेटी पाहावी. पोळ्याच्या पृष्ठभागावर नवी राणीघरे बांधलेली दिसतील. जी इतक्यातच बंद झाली असतील ती मोठ्या अळीवर बांधलेली आहेत. त्यांतून हलकी राणी निघते, म्हणून ती काढावीत. एकही राणीघर नसेल तर दुसऱ्या पेटीतून अंड्यांची एक चौकट द्यावी.

आठव्या-नवव्या दिवशी : चांगली एक-दोन घरे ठेवून बाकी काढावी.

बाराव्या दिवसापासून सव्विसाव्या दिवसापर्यंत : पेटी उघडू नये. बाहेरूनच पाहावे. माश्या पायांवर पराग घेऊन आत जात असतील तर बहुधा ठीक चालले आहे. ह्या दिवसांत राणी बाहेर जाते; आपण झाकण उघडून बसलो तर ती बिथरते अथवा वाट चुकते. दारास राणी फाटक लावण्याचा मोह ह्या वेळी कटाक्षाने टाळावा. फाटकातून राणीला बाहेर जाता येत नाही, आणि संयोग न झालेली राणी केवळ नरांचीच अंडी घालते.

अठ्ठाविसाव्या दिवशी : पोळ्यांत प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडे दिसले तर काम फत्ते झाले. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीस चिकटलेली दिसली, तर राणी नसून कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. अशा वसाहतीस राणी देणे कठीण. ती राणी असलेल्या पेटीत मिळवावी.

मिळविण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळी प्रबळ पेटीचे झाकण काढून वर वृत्तपत्राचा एक कागद पसरावा, त्यास सुईने दहा-वीस भोके पाडावी, व त्यावर दुसऱ्या पेटीची कोठी ठेवावी. माश्या दोन-तीन दिवसांत कागद कुरतडतात. तोवर दोन्हीकडचा वास एक होऊन भांडण होत नाही. वाचून झालेल्या पत्राचा हा उपयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

११. थवा सुटलाच तर

धीर सोडू नये, दगड मारू नये, पत्र्याचे डबे वाजवीत धावू नये. थवा प्रथम जवळच लोंबतो. तेथून शोधक्या माश्या नव्या घराचा शोध घेतात व परत येऊन नाचाच्या खुणेने इतरांस दिशा व अंतर सांगतात. १९५० च्या दशकात जर्मनीतील मार्टिन लिंडावर ह्यांनी हे निरीक्षण केले : निरनिराळ्या माश्या निरनिराळ्या जागा सुचवितात, आणि शेवटी बहुतेकींचे एकमत झाले म्हणजेच थवा उठतो. तो वेळ काही तासांचा, कधी एक-दोन दिवसांचा असतो. तेवढ्यात आपण पोहोचावे. लोंबणाऱ्या माशीचे पोट मधाने भरलेले असते व तिला राखावयास घर नसते. म्हणून ती सहसा शांत असते.

थव्याखाली टोपली धरून फांदी एकदा जोराने हालवावी, वर ओले फडके टाकावे, आणि संध्याकाळी माश्या पेटीत सोडाव्या. जुन्या पेटीतून उघड्या पिलाव्याची एक चौकट त्यांना दिली तर त्या पिलांस सोडून सहसा जात नाहीत. पहिला थवा असेल तर त्याची राणी अंडी घालणारी आहे. तीन-चार दिवस राणी फाटक लावावे. दुसरा किंवा तिसरा थवा असेल तर राणी कोवळी आहे. फाटक लावू नये. आणि मूळ पेटीतील जास्तीची राणीघरे त्याच दिवशी काढावीत.

समारोप

सातेरीच्या एका पेटीतून चांगल्या वर्षी पाच ते दहा किलो मध मिळतो. ही रक्कम मोठी नव्हे. पण काजू, आंबा, कोकम, नारळ, भोपळा, दोडका ह्या सर्वांच्या फुलांवर तीच माशी फिरते, आणि मधाची वाटी घरातच राहते. ज्याने एक पेटी घेऊन ती तीन वर्षे नीट विभागली त्यास पुन्हा पेटीत घालण्यास माशी विकत घ्यावी लागत नाही. उलट शेजाऱ्यास एक वसाहत देता येते. पेटीत दर सातव्या दिवशी डोकावणे, तिथी मांडून ठेवणे, अशक्त असताना विभागण्याचा लोभ आवरणे, आणि अठ्ठावीस दिवस धीर धरणे, एवढेच हे शास्त्र आहे. ज्या मंडळीत एकाजवळ पेटी असेल त्याने विभागणीच्या दिवशी आपल्या वाडीतील आणखी दोघांस बोलावून ती समक्ष दाखवावी. वाचून जे कठीण वाटते ते एकदा पाहिल्याने सोपे होते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. थवा सुटणे व घर सोडणे ह्यांत भेद कोणता? विभागणी कोणत्यावर उपाय आहे?
२. हंगामात पेटी दर सातव्या दिवशी का पाहावी?
३. १० नोव्हेंबर रोजी पहिल्या रीतीने विभागणी केली तर नव्या राणीची पहिली अंडी, पहिल्या माश्या व फुलांवर जाणाऱ्या पहिल्या माश्या कोणत्या तारखांच्या सुमारास दिसतील? मांडून दाखवा.
४. राणी नसलेल्या पेटीत कोणती चौकट असलीच पाहिजे, व का?
५. दोन पेट्यांची दारे सारखी व एकाच दिशेस असल्यास कोणते नुकसान होते?
६. राणी फाटक केव्हा लावावे व केव्हा लावू नये?
७. आपल्या वाडीत पाऊस उघडल्यापासून पुन्हा पाऊस येईपर्यंत कोणत्या महिन्यात कोणती फुले येतात, ह्याची यादी मंडळीतील वडील माणसांस विचारून तयार करा.